तुलूजच्या कालव्याकाठी सायकलने आठ-दहा दिवस : कोणत्या बाजूला जावे?

पाटबंधारे_निवृत्त (परभणी)

सर्वांना नमस्कार. माझी उभी नोकरी जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर, पाथरी, मानवत आणि परभणी या पट्ट्यात गेली. भरावावरून सायकलने फिरून गळती आणि फुटीची पाहणी करणे हे त्या काळी काम होते, निवृत्तीनंतर ती सवय झाली; आजही रोज सकाळी पंचवीस-तीस किलोमीटर होतात. मुलगी आणि जावई फ्रान्समध्ये तुलूज येथे राहतात. यंदा सप्टेंबरात सौभाग्यवतींसह महिनाभर तिकडे जाण्याचे ठरले असून त्यांतील आठ-दहा दिवस आम्ही दोघांनी कालव्याकाठच्या लहान गावांमधून सायकलने फिरावे, असा माझा विचार आहे.

कॅनाल दु मिदीविषयी पुष्कळ वाचले आहे. तुलूजपासून भूमध्य समुद्राजवळच्या तो सरोवरापर्यंत २४० किलोमीटर, १६६६ ते १६८१ या काळात खोदलेला, १९९६ पासून जागतिक वारसा यादीत असलेला हा कालवा पाहण्याची इच्छा जुनी आहे. अडचण अशी की, सौभाग्यवतींना सायकल येते, परंतु ती गल्लीपासून भाजी मंडईपर्यंतची. शिवाय आम्ही दोघेही शाकाहारी. रस्ता कसा आहे, चढ किती आहेत, कोणत्या टोकापासून सुरुवात करावी आणि खेड्यांत जेवणाचे काय होते, हे प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी सांगावे.

वेरूळघाट (छत्रपती संभाजीनगर)

काका, मी हा प्रवास केलेला आहे आणि ज्या चुका केल्या त्या आपण करू नयेत म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्या मनात जो कालवा आहे तो प्रसिद्ध आहे, पण त्याच्या काठचा सगळा रस्ता सायकलीसाठी सारखा नाही. तुलूजपासून साधारण पन्नास किलोमीटर, म्हणजे नोरूझच्या जलविभाजकाच्या (जिथून पाणी दोन्हीकडे उतरते त्या उंचवट्याच्या) आसपासपर्यंत, डांबरी सायकल मार्ग आहे. त्यापुढे ऑद जिल्ह्यात मात्र, काही टप्पे सुधारलेले असले तरी, बऱ्याच ठिकाणी नुसती पायवाट राहते आणि काठावरच्या प्लेन झाडांची (आपल्या काश्मिरी चिनारची बहीणच म्हणा) मुळे त्या वाटेवर हाताच्या शिरांसारखी वर आलेली असतात. कास्तेलनोदारीच्या पुढे एका मुळावरून माझे मागचे चाक असे आदळले की ट्यूबला सापाने दंश केल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोके पडली. त्या झाडांनाही २००६ पासून बुरशीच्या रोगाने गाठले असून हजारो झाडे तोडावी लागली आहेत. त्यामुळे छायाचित्रांत दिसणारी हिरवी कमान सगळीकडे सापडेल असे समजू नये, भर दुपारी उघड्या काठाने जाण्याची तयारी ठेवावी.

माझा सल्ला असा की, काकूंना बरोबर घेऊन आपण आधी उलट्या बाजूला जावे. तुलूजमध्येच कॅनाल दु मिदीला दुसरा कालवा मिळतो, तो गारोन नदीला समांतर पश्चिमेकडे १९३ किलोमीटर जातो. हा एकोणिसाव्या शतकातला, १८५६ साली पूर्ण झालेला, म्हणून त्याला तेवढे नाव नाही. पण त्याच्या काठचा मार्ग डांबरी, मोटारींना बंदी असलेला आणि जवळजवळ सपाट आहे. तुलूजहून रेल्वेने आजाँ या गावी जावे आणि तिथून सायकलने परत यावे. आजाँ ते म्वासाक सुमारे ४३ किलोमीटर आणि म्वासाक ते तुलूज ६४. आपण हे अंतर दोन दिवसांत कापाल, पण पाच दिवस लावा, कारण पाहण्यासारखे आहे ते वाटेवरच आहे. आजाँला कालवा स्वतःच पुलावरून गारोन नदी ओलांडतो : ५३९ मीटर लांबीचा, २३ कमानींचा दगडी जलसेतू. खाली नदी वाहते, वर पाण्यातून नाव जाते आणि तिच्या बाजूने आपण सायकल हाकतो. जलसेतूंची देखभाल करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने तिथे तासभर तरी थांबावे. मोंतेशला १९७४ सालची एक विचित्र योजना आहे. पाच लॉक (नाव वरच्या-खालच्या पातळीवर नेणारे दरवाजांचे हौद) टाळण्यासाठी उतारावरच्या नालीत पाण्याची पाचर करून ती नावेसकट दोन इंजिनांनी वर ढकलत नेत. आता ती बंद आहे, पण यंत्रे जागेवर उभी आहेत.

म्वासाकच्या मठातले अकराव्या-बाराव्या शतकाच्या संधीवरचे कोरीव खांब सावकाश पाहावेत. सप्टेंबरात तिथली शासला जातीची सोनेरी द्राक्षे बाजारात असतात. सगळेच चित्रासारखे असेल असे मात्र नाही. व्हालाँसजवळ गोल्फेश अणुवीज केंद्राचे दोन प्रचंड मनोरे मैलोन्‌मैल पाठ सोडत नाहीत; मला परळीची आठवण झाली. त्याच परिसरात नदीपलीकडे टेकडीवर ओव्हिलार नावाचे विटांचे गाव आहे, त्याच्या चौकात धान्यबाजाराची गोल इमारत आहे. कालवा सोडून तेवढा एक चढ अवश्य चढावा. काकूंना तो सायकल हातात धरून चढता येईल.

लातूर_ते_तुलूज

वेरूळघाट यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. येथे राहत असल्यामुळे व्यवहाराचे तेवढे सांगतो. सायकल भारतातून आणू नका, खोके बांधण्यात आणि विमानाच्या भाड्यात शक्ती जाते. येथे भाड्याने मिळते आणि काकूंसाठी बॅटरीची घ्यावी. प्रादेशिक रेल्वेत, जिला येथे तेएर म्हणतात, सायकल उभी नेता येते, मात्र जागा मोजक्या असतात म्हणून सकाळी कामावर जाणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर निघावे. वेगवान तेजेवे गाडीच्या वाटेला मात्र तेवढ्यासाठी जाऊ नका. वाहतूक उजव्या बाजूने चालते हे आपण जाणताच; परंतु गावात शिरल्यावर, वेगळी खूण नसेल तर, उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याचा हक्क पहिला असतो, ही गोष्ट आपल्याकडच्या माणसाच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो. घंटी आणि दिवे सक्तीचे आहेत, आणि गावाबाहेर अंधारात किंवा धुक्यात चमकणारे जाकीट अंगात हवे.

मुलीकडे उतरणार असल्यामुळे तिला नगरपालिकेतून निवासाचे यजमानपत्र काढावे लागेल, आणि व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. यजमानपत्राला वेळ लागतो, म्हणून आत्ताच सांगून ठेवा.

वाऱ्याचे कोणी लिहिले नाही. तुलूजच्या पूर्वेला ओताँ नावाचा आग्नेयेचा वारा सुटला की सपाट रस्त्यावरही चढावर असल्यासारखे वाटते. त्या दिवशी घरी बसून नातवंडांशी खेळावे.

गोदातीर (नांदेड)

काका, जेवणाचे मी सांगते, कारण आमचे हाल तिथेच झाले. लहान गावांत दुपारी बारा ते दोन दुकाने बंद असतात, रविवारी दुपारनंतर सामसूम आणि सोमवारी तर पुष्कळदा पावाचे दुकानही उघडत नाही. आम्ही एका सोमवारी दीडच्या सुमारास एका गावात पोहोचलो, तेव्हा उघडे होते ते फक्त चर्च. कालच्या कडक पावाला शेंगदाण्याची चटणी लावून आम्ही दोघी चर्चच्या पायरीवर जेवलो. तेव्हापासून दुपारचे जेवण सकाळी अकराच्या आतच पिशवीत टाकायचे, हा नियम केला.

कास्तेलनोदारीचे कासुले म्हणजे पांढऱ्या घेवड्याची उसळ असे कोणी सांगितले तर अर्धेच खरे आहे, त्यात डुकराचे आणि बदकाचे मांस असते. सूप दिसायला भाज्यांचे असले तरी कशाच्या पाण्यात केले ते विचारावे. आठवडी बाजार मात्र उत्तम असतात. टोमॅटो, पीच, पाव आणि आजाँचे सुकवलेले आलुबुखार एवढ्यावर दिवस छान निघतो. काकूंना स्वयंपाकघर असलेले मुक्काम आवडतील, तिथे पिठले-भात होतो. घरून कोरडी चटणी आणि मेतकूट न्या, परंतु तूप आणि खव्याचे पदार्थ सामानात घालू नका, कारण दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेऊ देत नाहीत.

पाणी संपले तर गावाच्या दफनभूमीत शिरावे, तिथे फुलझाडांसाठी नळ असतो. पिण्याचे नाही अशी पाटी लावलेली नसल्याची खात्री करून घ्यावी.

पाटबंधारे_निवृत्त (परभणी)

आपण सर्वांनी आपुलकीने लिहिले, आभारी आहे. सौभाग्यवतींनी गोदातीर ताईंचे उत्तर दोनदा वाचून घेतले आणि बॅटरीच्या सायकलीला संमती दिली. आजाँ ते तुलूज हे पक्के. त्यानंतर मी एकटा नोरूझपर्यंत जाऊन यावे असे वाटते, कारण अटलांटिक आणि भूमध्य या दोन समुद्रांच्या मधल्या उंचवट्यावर वर्षभर पाणी आणले कसे, हेच मला पाहायचे आहे. तिथे पाहण्यासारखे काही उरले आहे का?

वेरूळघाट (छत्रपती संभाजीनगर)

अवश्य जावे. तुलूजपासून सुमारे ५२ किलोमीटर आहे आणि एवढ्या अंतरात चढ साठ मीटरही नाही, कारण नोरूझची उंचीच १८९ मीटर आहे. पिएर-पॉल रिके हा अभियंता नव्हता, मिठावरचा कर वसूल करणारा अधिकारी होता. काळ्या डोंगरातले ओढे अडवून, सें-फेरेओलचे धरण बांधून, समतलरेषेने काढलेल्या चारीतून त्याने ते पाणी या उंचवट्यावर आणून सोडले, तिथून ते दोन्हीकडे उतरते. आमच्या गावात मलिक अंबरच्या नहरीचे पाणी पाहत वाढलेल्या मला त्या चारीजवळ उभे राहिल्यावर फार परके वाटले नाही. कालवा सुरू होण्याच्या काही महिने आधी, १६८० साली, रिके वारला.

वाटेतले लॉक लंबगोल आहेत तेही पाहावे. पहिल्या लॉकच्या सरळ भिंती मातीच्या दाबाने ढासळल्या, म्हणून त्याने त्या आडव्या झोपवलेल्या कमानीसारख्या बाकदार केल्या. लॉकरक्षकाच्या घरावर पाटी असते, तिच्यावर मागचा आणि पुढचा लॉक किती मीटरवर आहे ते लिहिलेले असते.

पाटबंधारे_निवृत्त (परभणी)

मीटरमध्ये! आमच्या कालव्यावर साखळी क्रमांकाचे, म्हणजे अंतर दाखवणारे, दगड असत, त्यांतले बरेचसे आता कोणाच्या तरी गोठ्याच्या पायात गेले आहेत. तिकडे अंतर कोणत्या टोकापासून मोजतात?

लातूर_ते_तुलूज

दोन्ही कालव्यांचे किलोमीटर तुलूजपासूनच मोजतात, काका. आजाँहून निघाल्यावर आकडा १०७ च्या आसपास असेल आणि घरापर्यंत तो घटत येईल. काकूंना तेवढे आधी सांगून ठेवा.