पाचवीतल्या मुलाला हातच्याची वजाबाकी येत नाही. दोष गुरुजींचा की व्यवस्थेचा?

फळा-खडू:
जिल्हा परिषद शाळांचा दर्जा घसरला म्हणून गुरुजींना धोपटणाऱ्यांनी आधी द्विशिक्षकी शाळेचा हिशेब करावा. पहिली ते पाचवी पाच वर्ग, शिक्षक दोन. चाळीस मिनिटांच्या तासिकेत एका वर्गाच्या वाट्याला सोळा मिनिटं. त्यातच पोरामागे 100 ग्रॅमने तांदूळ मोजून द्या, जेवलेल्यांचा आकडा मोबाइलवर भरा, यू-डायसवर शाळेची माहिती, पोरांचे आधार आणि अपार ओळख क्रमांक भरा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये शिकवण्याबाहेरच्या कामांपैकी जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढ्याच कामांना मुभा आहे. पण 'निवडणूक' या एका शब्दात बीएलओची, म्हणजे घरोघरी जाऊन मतदार यादी सांभाळणाऱ्याची, वर्षभराची पायपीट बसवलीय. वर आठवीपर्यंत नापास न करता पुढे ढकलायची ढकलगाडी आहेच.

हातचा एक:
कामाचा बोजा मान्य. ढकलगाडी मात्र जुनी झाली. त्याच कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर राज्यांना मोकळीक मिळाली आणि महाराष्ट्राने 2023 मध्ये पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झाला तर पुनर्परीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात.

पण त्याने होतं काय? 52 − 27 दिलं की पोरगं 35 लिहितं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढतं. हा घोळ दुसरीतला आहे. पाचवीत आणखी एक वर्ष बसवलं तर तेच पाचवीचं पुस्तक पुन्हा समोर येणार, वजाबाकी तिथेच राहणार. दुसरीत 'शेजाऱ्याकडून उसना घे' एवढं फळ्यावर सांगून पुढे गेलेले असतात. रबर लावलेले दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या हातात द्या. एक गठ्ठा सोडायला लावा, बारा सुट्या झाल्या. त्यातून सात काढा, उरल्या पाच. चार गठ्ठ्यांतून दोन गेले, राहिले दोन. 25. रबर त्या पोरालाच सोडू द्या, गुरुजींनी सोडून दाखवला तर तो पुन्हा पाठच करतो.

फळा-खडू:
काड्या हव्या तेवढ्या आणतो. तोवर माझ्याकडचे उरलेले वर्ग काय करतात, तेही सांगा.

हजेरीपट:
वर्ग मोडा. रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे बसवा: अक्षर ओळखणारे एकीकडे, शब्द वाचणारे दुसरीकडे, परिच्छेद-गोष्ट वाचणारे तिसरीकडे. दोन शिक्षकांनी खालचे दोन गट घ्यायचे, वाचणाऱ्यांना गोष्टीची पुस्तकं द्यायची. बोट न ठेवता चार ओळी वाचल्या की गट बदलायचा. महिना संपायची वाट बघू नका, नाहीतर 'कच्चा गट' हे कायमचं नाव पडतं.

आणि 'दर्जा घसरला' हे तरी आकड्यात बसतं का? 'असर' या शिक्षण सर्वेक्षणानुसार देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांत दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुलं 2018 मध्ये 20.9 टक्के होती, 2022 मध्ये 16.3 आणि 2024 मध्ये 23.4.

फळा-खडू:
म्हणजे चारातल्या तिघांना अजूनही वाचता येत नाही. यात आनंद कसला?

हातचा एक:
आनंद नाही, पण घसरगुंडीही नाही. खरी लबाडी नोंदवहीत आहे. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर मुलाची प्रगती टिपायच्या, वर्णनात्मक नोंदी व्हॉट्सॲपवर तयार मिळतात. 'दिलेल्या सूचनांचे पालन करतो' ही एकच ओळ अख्ख्या वर्गापुढे. तिथे 'मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतो, दशक सोडत नाही' असं लिहिलं तर पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला जूनमध्येच कळेल कुठून धरायचं.

फळा-खडू:
लिहितो. पण शाळा तपासायला केंद्रप्रमुख आले की पहिला प्रश्न 'पाठ कितवा चाललाय?' आणि दुसरा 'माहिती भरली का?' वर्ग मोडून बसवलेली पोरं दिसली तर शेरेबुकात काय लिहितील?

हजेरीपट:
पातळीची यादी तारखेसह भिंतीवर लावा. कोण कुठल्या गटातून कुठे गेलं ते दिसलं की बोलणं तिथूनच सुरू होतं.

फळा-खडू:
यादी लावीन. बीएलओच्या फेरीतून शाळेत पोचलो, त्या दिवशी.