गोव्याला जाताना दाबोळी की मोपा? (आधी कवळे, मग मोरजी)

कोथरूडची
नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटी आम्ही पाच जण पुण्याहून गोव्याला जातोय, मी, नवरा, मुलगा (वय ६) आणि सासूबाई-सासरे. कुलदेवी फोंड्याजवळच्या कवळ्याची शांतादुर्गा, ओटी भरायची राहिलीये म्हणून पहिल्या दोन रात्री देवळाच्या अग्रशाळेत (भक्तांच्या निवासात) आणि मग दोन रात्री उत्तर गोव्यात मोरजीला समुद्रावर. विमानं दाबोळी आणि मोपा, गोव्यातल्या दोन्ही विमानतळांवर जातात. मोप्याचं दुपारी उतरतं आणि माणशी सहा-सातशेने स्वस्त आहे, दाबोळीचं संध्याकाळी सातच्या सुमारास उतरतं. नवरा म्हणतो मोप्याचं जाऊन-येऊन काढ आणि मोकळी हो, सासरे म्हणतात दाबोळीच, कारण त्यांना तेच माहितीये. सासूबाईंचे गुडघे दुखतात, फार वेळ गाडीत बसवत नाही. तर कुठलं घेऊ, तिथून कवळ्याला कसं जायचं, आणि टॅक्सी फार महाग पडते असं जे ऐकू येतं ते खरंच तसं आहे का? बसने जमेल का? सविस्तर सांगितलंत तर बरं होईल.

वास्कोवाली
ताई, नुसत्या तिकिटाची तुलना करू नका, त्यात रस्ता धरा. दाबोळीहून कवळे ३५ ते ४० किमी, मोप्याहून ६० च्या वर. माणशी सहाशे वाचले तरी पाच जण आणि बॅगा म्हणजे मोठी गाडी लागणार, आणि तिच्या भाड्यात बचतीतला बराच भाग जाणार, वर सासूबाईंना तासभर जास्त बसायला लागणार ते वेगळंच.

दाबोळीहून वेर्णा, लोटली करत बोरीच्या पुलावरून जुवारी नदी ओलांडायची की फोंडा आलंच. पणजीत शिरायचं कामच नाही. फक्त बोरीचा पूल जुना आणि अरुंद आहे, पुढे एखादा भरलेला ट्रक लागला की त्याच्या मागे मागेच जावं लागतं, संध्याकाळी थोडा वेळ हाताशी ठेवा.

संध्याकाळचं विमान म्हणजे गर्दी मात्र असणार. दाबोळी हा नौदलाचा तळ आहे, आयएनएस हंसा, आणि आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळचे काही तास धावपट्टी त्यांच्या सरावासाठी राखीव असते, त्यामुळे प्रवासी विमानं दुपारनंतर आणि रात्री एकापाठोपाठ एक येतात. बॅगांच्या पट्ट्यावर दोन-तीन विमानांची माणसं एकदम उभी असतात आणि मग तीच सगळी टॅक्सीच्या काउंटरला. एकाने बॅगा घ्यायच्या आणि दुसऱ्याने सरळ बाहेर पडून काउंटर गाठायचा. तळावर फोटो काढायला बंदी आहे, पण तुम्ही पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून उडणाऱ्या, तोही हवाई दलाचा तळ, तुम्हाला ते नवीन नाही.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा. आयत्या वेळी मागितली की मिळते पण थांबावं लागतं.

लालमाती
मी पेडण्याचा, म्हणजे मोपा ज्या तालुक्यात आहे तिथला, त्यामुळे मोप्याची बाजू मी मांडणार :) पण खरं सांगतो, कवळ्याला जायचं असेल तर वास्कोवाली ताई म्हणतात ते बरोबर आहे.

तरी मोप्याबद्दल लोक जे बोलतात त्यातलं निम्मं २०२३ चं आहे. ५ जानेवारी २०२३ ला पहिलं विमान उतरलं तेव्हा महामार्गापासून वर यायचा धड रस्ता नव्हता, गावातल्या अरुंद रस्त्यांवरून बसेस यायच्या, आमचेच लोक वैतागले होते. आता धारगळहून थेट वर येणारा मोठा रस्ता झालाय, एनएच ६६ वर उतरायला काही मिनिटं लागतात. विमानतळ चोवीस तास चालतो, नौदलाची भानगड नाही, आत जागा भरपूर, लहान मूल आणि म्हातारी माणसं घेऊन फिरायला दाबोळीपेक्षा नक्कीच सुखाचं.

पण खाली उतरल्यावर पणजीकडे जाताना म्हापसा आणि पर्वरी पार करायचं असतं. पर्वरीला उड्डाणपुलाचं काम निघाल्यापासून तिथे किती वेळ जाईल ते कोणीच सांगू शकत नाही. ड्रायव्हर ओळखीचा असेल तर डिचोलीवरून काढायला सांगा, आमोणा-खांडोळा पूल ओलांडून माशेलला निघता येतं, तिथून फोंडा तालुकाच. रस्ता वळणाचा आहे, गाडी लागणारं कोणी असेल तर आधीच गोळी द्या.

मोरजीला मात्र आमचाच विमानतळ. पार्से, तुयें करत २५ किमीच्या आसपास. दाबोळीहून मोरजी म्हणजे जुवारी, मांडवी आणि शापोरा, तीन नद्या ओलांडायच्या. माझं ऐका, येताना दाबोळी आणि जाताना मोपा असं करा. पहिली रात्र कुठे आणि शेवटची सकाळ कुठे एवढंच बघायचं, जाण्या-येण्याचं तिकीट एकाच विमानतळाचं काढलंच पाहिजे असं कुठे आहे?

कोथरूडची
अरे हे डोक्यातच आलं नव्हतं! आम्ही दोघं चार दिवस एकच की दुसरं करत बसलोय. आत्ता बघितलं, वेगवेगळं काढलं तरी एकूण भाड्यात फारसा फरक पडत नाहीये. सासरेही खूश, त्यांची दाबोळी त्यांना मिळाली. आता फक्त टॅक्सी आणि बस सांगा कोणीतरी. कवळ्याला रात्री साडेआठ-नऊला पोचलो तर अग्रशाळेत चालेल ना?

म्हार्दोळकडचा
मी फोंडा तालुक्यातलाच. अग्रशाळेच्या ऑफिसला आजच फोन करून वेळ सांगून ठेवा, आणि निघाल्यावर वाटेतून परत एकदा करा. आमच्याकडच्या देवळांत रात्रीची आरती झाली की सामसूम होते, चावी देणारा माणूस जागा आहे याची खात्री असलेली बरी. जेवणाचंही तेव्हाच विचारा, नाहीतर फोंड्यात जेवूनच पुढे जा, छोटा भुकेला झोपायला नको.

बसचं सांगायचं तर कदंबच्या (म्हणजे गोव्याच्या सरकारी एसटीच्या) बसेस दोन्ही विमानतळांवरून सुटतात, पणजी, मडगाव, कळंगुट अशा. एकटादुकटा असेल आणि पणजीत राहायचं असेल तर त्यासारखं काही नाही, गाडी चांगली, भाडं टॅक्सीच्या मानाने काहीच नाही. पण तुम्हाला पणजीच्या स्टँडवर उतरून फोंड्याची बस, मग फोंड्याहून कवळे, असं बॅगा आणि गुडघे घेऊन करायचंय. नको. टॅक्सीच करा.

ओला-उबर इथे नाही हे घरून निघतानाच डोक्यात ठेवा, पुण्याची सवय असलेली माणसं बाहेर येऊन मोबाईल हातात घेऊन उभी राहतात. एक तर आतला प्रीपेड काउंटर, नाहीतर टॅक्सी मागवायचं गोवा माइल्सचं अॅप, त्यांचा काउंटरही असतो. पुण्यापेक्षा महाग वाटणार, वाटतंच सगळ्यांना. इथे बाहेरून येणाऱ्यांचा आणि टॅक्सीवाल्यांचा वाद जुना आहे आणि दोन्ही बाजूंना काही ना काही म्हणणं आहे, परतीचं भाडं मिळत नाही तेव्हा त्या माणसाला रिकामं यावं लागतं हेही खरं. तुम्ही एवढंच करा, ‘फोंडा’ न सांगता ‘कवळे, शांतादुर्गा देऊळ’ असं स्पष्ट सांगून तसंच पावतीवर लिहून घ्या, बॅगा किती ते आधीच दाखवा आणि रात्रीचा जादा आकार धरलाय का ते विचारा. मग देवळापाशी उतरताना घासाघीस उरत नाही.

तिसरा उपाय मला सगळ्यात बरा वाटतो. अग्रशाळेच्या ऑफिसमध्येच फोंड्याचा गाडीवाला विचारा. तो तुम्हाला दाबोळीला घ्यायला येईल, आणि तिसऱ्या दिवशी मोरजीला सोडायलाही तोच ठरवा. कवळ्याहून पणजीकडे जाताना म्हार्दोळची महालसा आणि मंगेशी दोन्ही वाटेवर आहेत, सकाळी लवकर निघालात तर दोन्ही दर्शनं होतात आणि पर्वरीला दुपारच्या आत पार होता. मंगेशीला गाडी खाली उभी राहते आणि देवळापर्यंत थोडं चालावं लागतं, सासूबाईंना सावकाश घेऊन जा.

बांद्याचा
आम्ही सीमेच्या अलीकडचे, पत्रादेवी ओलांडली की मोपा, त्यामुळे आता बांदा-सावंतवाडी-दोडामार्गची माणसं सर्रास तिथूनच उडतात. एकच सांगायचंय, तिकिटावर नुसतं ‘गोवा’ वाचून थांबू नका. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. दोन्हींमध्ये दीड-दोन तासांचा रस्ता आहे, चुकलात तर विमान गेलंच. तुमचं तर येणं एकीकडे आणि जाणं दुसरीकडे, तेव्हा मोरजीहून निघताना ड्रायव्हरला ‘एअरपोर्ट’ म्हणू नका, मोपा म्हणा. सासऱ्यांनाही आधीच सांगून ठेवा.

कोथरूडची
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. येतानाचं दाबोळी आणि जातानाचं मोपा, दोन्ही काढली, व्हीलचेअर टाकली. अग्रशाळेला फोन केला, ते म्हणाले दहापर्यंत माणूस असतो आणि जेवण सांगून ठेवलं तर झाकून ठेवतील. गाडीवाल्याचा नंबरही त्यांनीच दिला. म्हार्दोळकडचा, महालसेच्या देवळात सकाळी किती वाजता पोचलं तर गर्दी कमी असते?

म्हार्दोळकडचा
आठच्या आत या. सोमवार असेल तर मंगेशी आधी करा, त्या दिवशी तिथे उशिरा फार गर्दी होते, आणि मग उलटं थोडं मागे म्हार्दोळला या, जेमतेम एक-दीड किमी आहे.