मदत हवी आहे: 40 ताटांचा बारीक पास्ता, लगदा न होता

साताऱ्यात रविवारी 40 जणांचं जेवण आहे आणि यजमानांना शेवयांसारखा बारीक एंजल हेअरच हवाय. (त्याहून जाड स्पॅगेटी घ्या, हे त्यांना सांगून झालंय.) तार जेमतेम 1 मिमी जाड, त्यामुळे शिजलेला आणि लगदा यांत अर्ध्या मिनिटाचं अंतर.

ठरलेली पद्धत अशी: ड्युरम (कडक जातीचा गहू) रव्याचाच पास्ता, कारण मैद्याचा लवकर मऊ पडतो. 100 ग्रॅमला 1 लिटर पाणी, लिटरला 10 ग्रॅम मीठ. एका घाण्याला अर्धा किलोच. जास्त टाकला की उकळी मोडते, तारा तळाशी चिकटतात आणि वरून पिठूळ होतात. पाकिटावर 3 मिनिटं असली तरी 2 मिनिटांनी काढायचा. तार तोडल्यावर मधे पांढरा ठिपका दिसला पाहिजे. चाळणीत ढीग ठेवला तर स्वतःच्याच वाफेत शिजत राहतो, म्हणून लगेच तेलाचा हात लावलेल्या परातीत पसरायचा.

इथवर ठीक. पण तासाभराने टोमॅटो सॉसमध्ये मिसळला की 5 मिनिटांत रस पिऊन फुगतो.

दीड मिनिटालाच काढून, बर्फाच्या पाण्यात थांबवून, वाढताना 10-10 ताटांचा पास्ता चाळणीसकट 20 सेकंद उकळत्या पाण्यात बुडवला तर? मोठ्या पंगतीत कुणी केलंय का? आणि किलोला तेल किती? जास्त झालं की सॉस तारेला धरतच नाही.