शब्दचर्चा: ‘प्रकटीकरण’ की ‘साक्षात्कार’? आणि ‘शास्त्र’ म्हणजे कोणते?

प्रश्न

आमच्या चर्चच्या एका पुस्तिकेची मुद्रिते तपासते आहे. एका प्रकरणाचे शीर्षक आहे ‘निसर्ग आणि शास्त्र यांतून देवाचे प्रकटीकरण’. शेजारच्या काकांनी ते वाचून विचारले, “म्हणजे विज्ञानाने देव सिद्ध होतो असं म्हणायचंय का?” मी गोंधळले. ‘शास्त्र’ बदलावे का? आणि ‘प्रकटीकरण’ फार कार्यालयीन वाटते. ‘साक्षात्कार’ लिहिले तर?

प्रतिसाद

ताई, काकांचे बरोबर आहे. ख्रिस्ती घरांत ‘शास्त्र’ म्हटले की बायबलच, पण बाहेर भौतिकशास्त्र आहे, रसायनशास्त्र आहे. त्यातून ‘निसर्ग’ शेजारी बसला की वाचक थेट प्रयोगशाळेत जातो. ‘पवित्र शास्त्र’ असे पूर्ण लिहा, प्रश्न मिटेल.

‘प्रकटीकरण’ मात्र कृपा करून काढू नका. ‘साक्षात्कार’ सुंदर शब्द आहे, संतांच्या परंपरेत मुरलेला आहे, पण तो ज्याला होतो त्याच्या बाजूने बोलतो. साधकाने वाट चालावी, तळमळावे, आणि मग त्याला साक्षात्कार व्हावा. ख्रिस्ती शिकवणीत सुरुवात दुसऱ्या टोकाकडून होते. माणूस शोधत नसतानाही देव स्वतःला उघड करतो. ‘प्रकटीकरण’मधला ‘करण’ नेमके हेच सांगतो. शुद्धीकरण, स्पष्टीकरण यांच्यासारखाच हा च्वि प्रत्ययाचा शब्द: जे तसे नव्हते ते तसे करणे. करणे आले की कर्ता आला. शेगावच्या गजानन महाराजांचा आपण ‘प्रगट दिन’ म्हणतो, तिथे क्रियापद ‘होणे’ आहे. इथे ‘करणे’ आहे, आणि करणारा देव आहे. बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचे मराठी नाव ‘प्रकटीकरण’ आहे. त्याच्या ग्रीक नावाचा, ‘अपोकॅलिप्सिस’चा, मूळ अर्थ झाकण काढणे, पडदा दूर सारणे. घरातला माणूसच पडदा बाजूला करतो. बाहेरच्याने तो ओढलेला नसतो.

‘निसर्ग’ऐवजी मी ‘सृष्टी’ लिहीन. व्युत्पत्तीने दोन्ही सृज् धातूचेच, पण आजच्या मराठीत निसर्ग आपोआप असतो, सहलीला जाऊन बघायचा असतो. सृष्टी म्हटले की ती घडवणारा मागे उभा राहतो.

प्रश्न

पुस्तिकेत पुढे ‘सामान्य प्रकटीकरण’ आणि ‘विशेष प्रकटीकरण’ असे दोन प्रकार आहेत. सृष्टीतले ते सामान्य, शास्त्रातले आणि ख्रिस्तातले ते विशेष. ‘सामान्य’ वाचून ते कमी प्रतीचे वाटते.

प्रतिसाद

वाटतेच, कारण ‘निकाल सामान्य लागला’ असे आपण म्हणतो. इथला अर्थ सर्वांसाठी असलेले, कोणालाही न वगळणारे. ‘सार्वत्रिक’ लिहिले तर गैरसमज टळेल. १५६१ सालच्या बेल्जिक विश्वासकबुलीत, म्हणजे प्रॉटेस्टंट मंडळींच्या एका विश्वासाच्या जाहीरनाम्यात, सृष्टीला एका सुंदर पुस्तकाची उपमा दिली आहे. लहानमोठे सगळे प्राणी त्यातली अक्षरे. पुस्तक कमी प्रतीचे नाहीच. अडचण वाचणाऱ्याच्या डोळ्यांची आहे, असे सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्व्हिन याचे म्हणणे. म्हातारपणी नजर अधू झालेल्या माणसापुढे कितीही देखणे पुस्तक ठेवा. काहीतरी लिहिले आहे एवढे त्याला कळते, पण दोन शब्द सलग लागत नाहीत. चष्मा चढवला की अक्षर स्वच्छ. त्याच्या मते पवित्र शास्त्र हा तो चष्मा. माझे आजोबा रोज सकाळी पडवीत चष्मा पुसून मगच बायबल उघडायचे, त्यामुळे ही उपमा मला लगेच पटली.

सृष्टीवरून कळते तरी किती, यावर मात्र सगळ्यांचे एकमत नाही. रोमन कॅथलिक चर्चच्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने १८७० मध्ये ठामपणे सांगितले की निर्माण केलेल्या वस्तूंवरून, मानवी बुद्धीच्या स्वाभाविक प्रकाशाने, देवाला निश्चितपणे ओळखता येते. उलट सृष्टीतूनही देवाची काही ओळख होते असे मानणाऱ्या एमिल ब्रुनर या प्रॉटेस्टंट धर्मतत्त्वज्ञाला १९३४ मध्ये त्याच परंपरेतल्या कार्ल बार्थ याने जे उत्तर दिले त्याचे शीर्षकच ‘नाही!’ असे होते. बार्थच्या मते ख्रिस्ताला बाजूला ठेवून देवाकडे जाणारी वाट नाही. पुस्तिका कोणत्या परंपरेतली आहे ते पाहून शब्दांना धार द्या.

मला स्वतःला या विषयाची गुरुकिल्ली एकोणिसाव्या स्तोत्रात सापडते. मराठी बायबल उघडून बघाच. सुरुवात: “आकाश देवाचा महिमा वर्णिते”. मग मांडवातून निघालेल्या नवरदेवासारखा सूर्य येतो. शब्द नाही, वाणी नाही, तरी सांगणे पृथ्वीच्या टोकापर्यंत पोहोचते. सातव्या वचनापासून विषय बदलतो, नियमशास्त्र, म्हणजे देवाने दिलेल्या आज्ञा, येते, आणि ‘देव’ जाऊन ‘परमेश्वर’ येतो. सात ते नऊ या तीन वचनांत सहा वेळा! आपल्या कानाला हे दोन्ही शब्द सारखेच, म्हणून आपण पुढे वाचत जातो. हिब्रूत मात्र आधी ‘एल’ आहे, म्हणजे देव हा साधारण शब्द, आणि नंतर इस्राएलाला सांगितलेले त्याचे खास नाव. आकाश बघून कोणीतरी थोर आहे एवढे कळते. नाव त्याने स्वतः सांगावे लागते. मराठी भाषांतरकारांनी हा फरक राखला याबद्दल मला त्यांच्याविषयी मनापासून कृतज्ञता वाटते. पुस्तिकेत हे स्तोत्र उद्धृत करताना ‘देव’ आणि ‘परमेश्वर’ यांची अदलाबदल होऊ देऊ नका.

प्रश्न

शेवटचे विचारते. ‘परमेश्वरप्रेरित शास्त्रलेख’ हे जड जाते म्हणून संपादकांनी ‘अपौरुषेय ग्रंथ’ सुचवले आहे.

प्रतिसाद

नको. वेदांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसा दर्शनाच्या लेखी वेद अपौरुषेय, म्हणजे त्यांना कर्ताच नाही, माणूस नाही आणि ईश्वरही नाही. बायबलबद्दल ख्रिस्ती लोक असे म्हणत नाहीत. बायबलमधला संदेष्टा आमोस मेंढपाळ होता, शुभवर्तमान लिहिणारा लूक आपण सगळ्याचा शोध घेऊन लिहितो आहोत असे आरंभीच सांगतो. ‘परमेश्वरप्रेरित’साठीचा ग्रीक शब्द ‘देवाच्या श्वासाचे’ असा आहे, आणि तो येतो तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात. चौथ्या अध्यायात त्याच पत्रात पौल निरोप देतो: त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा येताना घेऊन ये, पुस्तकेही आण, आणि हिवाळ्यापूर्वी ये. म्हणजे शास्त्र देवाच्या श्वासाचे, तरी लिहिणारा माणूसच.