मदत हवी आहे: अझेलियाची पानं पिवळी पडतायत

एप्रिलच्या शेवटी मी आणि हे लंडनच्या रिचमंड पार्कातल्या इझाबेला प्लांटेशन या बागेत गेलो होतो, ओकच्या झाडांखाली ओढ्याच्या दोन्ही काठांना अझेलियाची झुडपं नुसती फुललेली, पाण्यात पण तेच गुलाबी-जांभळे रंग, ह्यांचा तर तिथून पाय निघेना. येताना गार्डन सेंटरमधून एक रोप आणलंच. आता महिन्याभरात पानं पिवळी पडलीयेत, शिरा मात्र हिरव्यागार. त्याला आम्लयुक्त माती लागते म्हणून एरिकेशियस कंपोस्टच (अशा झाडांसाठीचं आम्लयुक्त मिश्रण) घातलं, पण पाणी नळाचं घालतेय आणि लंडनचं पाणी किती हार्ड, म्हणजे चुन्याचं (त्यानं मातीची आम्लता कमी होते), ते किटलीतल्या पांढऱ्या थरावरूनच कळतं. पावसाचं पाणी साठवून घातलं तर सुधारेल, की चिलेटेड आयर्न (झाडाला सहज शोषता येणारं लोह) पण द्यावं लागेल? कुणी कुंडीत जगवलाय का? प्लीज सांगा, खूप जीव जडलाय त्या रोपावर.