नूतनीकरण झालेली बाग सायकलवरून पाहताना : सोलापूरकरांचे अनुभव

जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेतील पहिल्या २० शहरांत सोलापूरचे नाव आले आणि तेव्हापासून रस्ते, चौक व बागा यांची खोदाई आणि उभारणी आपण सगळेच पाहत आलो आहोत. बाग नवी झाली की तिची छायाचित्रे छापून येतात. परंतु तिच्यातून, किंवा आत सायकलला मनाई असल्यास तिच्या कडेकडेने, चाकांवरून जाताना ती कशी वाटते, हे सहसा कोणी लिहीत नाही. तसे अनुभव येथे लिहावेत, ही विनंती. हुतात्मा बाग व भुईकोट किल्ल्याचा परिसर, विजापूर रस्त्याकडचा संभाजी तलाव किंवा आपल्या वस्तीतील लहानशी बाग, काहीही चालेल. तक्रार मात्र बागेचे नाव न घेता मांडावी.

निवृत्त गिरणी कामगार

माझी सारी नोकरी गिरणीत झाली आणि पाळीला मी सायकलवरच गेलो. भोंगा झाला की रस्ताभर सायकलीच दिसत, त्यामुळे हौस म्हणून सायकल चालवणे ही कल्पना मला निवृत्तीनंतरही बराच काळ चमत्कारिक वाटत होती. नातवाची गियरची सायकल घरात पडून राहिली, म्हणून एकदा पहाटे निघालो आणि मग ती सवयच लागली.

माझा मार्ग किल्ल्याच्या बाजूने जातो. आत सायकल नेता येत नाही, हे योग्यच आहे. तो संरक्षित वारसा आहे. पण बाहेरून संथपणे जाताना दुहेरी तटबंदी, बुरुजांची वळणे आणि एका अंगाला पसरलेला सिद्धेश्वर तलाव यांचा परस्परांशी असलेला संबंध जसा उलगडतो, तसा तो रिक्षातून कधी उलगडला नव्हता. लहानपणी आम्ही बागेत येत असू ते गवतात लोळायला. आता दिवे, बाके आणि आखीव वाटा आहेत. स्वच्छताही पूर्वीपेक्षा पुष्कळ आहे. जुन्या झाडांच्या सावलीला मात्र नव्या बांधकामाची सर येत नाही आणि ती जिथे राखली आहे, तिथेच माणसे बसतात, एवढे कोणीही पाहून यावे.

बागेच्या नावातले हुतात्मे म्हटले की आमच्या पिढीला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे हेच आठवतात. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी या चौघांना येरवड्यात फाशी झाली. नातवाला हे सांगायचे, तर सायकल हातात धरून चालत सांगावे लागते. चालवताना दम पुरत नाही.

स्थापत्य अभियंता, जुळे सोलापूर

काकांनी सावलीचे लिहिले, मी जमिनीचे लिहितो. चालणाऱ्याला जे कळत नाही, ते चाकाला लगेच कळते. पेव्हर ब्लॉकखालची भर नीट दाबलेली नसेल तर पहिल्या पावसाळ्यानंतर वाट जागोजागी खचते. पायी जाणारा ते ओलांडून जातो, पण सायकलचे हॅण्डल प्रत्येक खळग्यावर हिसका देते. ब्लॉकच्या कडेचा बांध पक्का नसेल तर ओळी बाजूला सरकतात आणि मधल्या फटी रुंदावतात. अरुंद टायर अशा फटीत सहज अडकतो. सावलीच्या भागात पावसाळ्यात शेवाळ धरते, तिथे वळताना ब्रेक दाबू नये, वेग आधीच कमी करावा.

मला सर्वांत अधिक खटकते ते झाडाच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट भरण्याचे काम. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो. अशा ठिकाणी मुळांना पाणी आणि हवा मिळू दिली नाही, तर ज्या झाडासाठी लोक बागेत येतात तेच दोन-चार वर्षांत खंगते. बुंध्याभोवती मोकळी माती राखायला खर्च असा काही येत नाही.

बँक कर्मचारी

मी आणि माझ्या दोन मैत्रिणी पहाटे निघतो. आम्ही बाग निवडतो ती फुलझाडे पाहून नव्हे, तर दिवे कुठवर लागलेले आहेत आणि रखवालदार जागेवर असतो का, हे पाहून. एका बागेत दर्शनी भाग दिव्यांनी झगमगतो आणि मागच्या वाटेवर अंधार असतो. तिथे आम्ही अर्ध्यातून परततो. अण्णा म्हणून ज्यांना आम्ही हाक मारतो, त्या दुसऱ्या एका बागेच्या रखवालदारांनी मात्र सायकली दिसतील अशा जागी लावायला सांगितले, आणि तेवढ्यानेच ती बाग आमची झाली.

एका मुलीचे वडील

थोडक्यात सांगतो. मुलगी सायकल शिकली ती बागेबाहेरच्या रुंद पदपथावर, कारण आत लहान मुलांच्या सायकलीलाही मनाई होती. चालणाऱ्या ज्येष्ठांची अडचण मला मान्य आहे. परंतु दुपारच्या रिकाम्या वेळेत एखादी वाट मुलांना द्यायला काय हरकत आहे, हे मला अजून कळलेले नाही.

महाविद्यालयीन विद्यार्थी

संभाजी तलावाला आमच्या घरी अजूनही कंबर तलावच म्हणतात. थंडीच्या दिवसांत तिथे सायकलने जाण्याचा लाभ असा की मोटारसायकलच्या आवाजाने उडणारे पक्षी सायकलला फारसे बिचकत नाहीत. बगळे, पाणकावळे आणि खंड्या हे तर काठावरूनही दिसतात. जलपर्णी वाढली की मोकळे पाणी आक्रसते आणि पाण्यावर पोहणारे पक्षी दूर सरकतात. म्हणून काठ कितीही सजवला तरी मी आधी पाणीच पाहतो.

चाकाच्या खुर्चीवरील वडिलांची मुलगी

दुचाकी आत येऊ नयेत म्हणून एका बागेच्या दारात लोखंडी खांब इतके जवळ रोवले आहेत की माझी सायकल अडते आणि त्याच खांबांशी वडिलांची खुर्चीही अडते. बाजूचे मोठे फाटक उघडायला दर वेळी कोणाला तरी शोधावे लागते. आतील उतरणही इतकी उभी आहे की खुर्ची मागून दोघांनी धरावी लागते. वास्तविक एक फूट चढायला बारा फूट लांबी, हे उतरणीचे प्रमाण सर्वमान्य आहे. अभियंता दादांना विनंती की अशा कामांच्या आराखड्यावर हरकती मागवल्या जातात तेव्हा त्या कशा नोंदवाव्यात, हे त्यांनी लिहावे.

आवाहनकर्ता

दोघांनी काट्यांबद्दल विचारले आहे. हिरवळीच्या कडेला आणि मोकळ्या मैदानांवर सराटा फार असतो, म्हणून वाट सोडून चाक घालू नये आणि पंक्चरचे साहित्य जवळ ठेवावे. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत होम मैदान व सिद्धेश्वर मंदिराकडच्या रस्त्यांवर सायकल हातात धरूनही नेता येत नाही. त्या काळात संभाजी तलावाकडे जाणे सोयीचे.