इम्बोल्क ‘चर्चनं ढापला’ म्हणणाऱ्यांसाठी

लव्हाळी:
परवा ‘पायवाट’ यांनी डब्लिनजवळच्या टेकडीवर शेकोटीभोवती फेर धरून इम्बोल्क साजरा केल्याचं लिहिलं. फोटो सुरेख आहेत. पण खाली जे तत्त्वज्ञान जोडलंय ते वाचता वाचता माझा चहा निवला. म्हणे १ फेब्रुवारीचा हा हिवाळा सरल्याचा अस्सल पॅगन, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीचा सण, ब्रिगिड ही मूळची देवी, चर्चनं दोन्ही ढापलं आणि देवीची संत करून टाकली. आता लोक तो ‘मूळ रूपात’ परत आणताहेत, आणि आपण निसर्गपूजक म्हणून आपल्याला तो जास्त कळतो.

मी अकरा वर्षं आयर्लंडमधल्या किल्डेअरमध्ये राहते. मूळ रूप कुठं बघायला मिळतं ते मलाही सांगा. इम्बोल्कचं नाव ज्या जुन्या आयरिश कथांत येतं, त्या ख्रिस्ती मठातल्या लोकांनीच लिहून ठेवल्या. त्यात कळतं ते एवढंच, की वसंत लागतो आणि मेंढ्यांना दूध उतरतं. फेर नाही, मंत्र नाहीत. ब्रिगिड देवी भेटते ती इ.स. ९०० च्या सुमाराच्या कॉर्मॅकच्या कोशात. दाग्दा या देवाची मुलगी, कवींची देवी, त्याच नावाच्या दोन बहिणी, एक वैद्यकीची आणि एक लोहारकामाची. आणि हा कॉर्मॅक कोण, तर बिशप! चोरानंच चोरीच्या मालाची यादी जपून ठेवली म्हणायची.

सण टिकवला तो आमच्या शेजारच्या आजींसारख्या बायकांनी. पहिल्याच वर्षी ३१ जानेवारीला त्या मला शेताच्या पाणथळ कडेला घेऊन गेल्या. ब्रिगिडचा क्रॉस विणायला मी लव्हाळे कापायला कात्री काढली, तर हातावर चापट. कापायचे नाहीत, उपटायचे. बुडखा पांढराफटक, दाबला की पाणी निघतं. एक काडी उभी धरायची, दुसरी तिच्यावर दुमडायची, वळवायचं, परत दुमडायचं, शेवटी चारही टोकं दोऱ्यानं बांधायची. माझा क्रॉस मोडक्या पंख्यासारखा झाला. त्यांनी आपल्या दारावर तोच लावला. रात्री कुंपणावर एक फडकं टाकलं. ब्रिगिड जाताना त्याला हात लावते, मग वर्षभर डोकं दुखलं की ते कपाळाला बांधायचं. आणि सकाळी उठून चर्चमध्ये प्रार्थनेला. जा, त्यांना सांगा तुम्ही पॅगन आहात म्हणून!

पायवाट:
एका फेरावर एवढा मोठा लेख! धन्य झालो. आयर्लंडमधल्या ‘तारा’ नावाच्या टेकडीवरची ओलिसांची समाधी बघितली आहे का? पाच हजार वर्षं जुनी, आणि इम्बोल्कच्या सुमाराला उगवत्या सूर्याचा किरण आत शिरतो. तेव्हा कुठला बिशप होता? आणि तुमच्याच किल्डेअरमधली अखंड आग. १९ जणी आळीपाळीनं राखायच्या, विसाव्या रात्री खुद्द ब्रिगिड. कुंपणाच्या आत पुरुषाला मज्जाव. हे तुम्हाला चर्च वाटतं? किल्डेअर या नावातच ओकचं झाड आहे.

लव्हाळी:
ओकचं *चर्च*. अर्थ सांगायचा तर पूर्ण सांगा. त्या आगीचं वर्णन बाराव्या शतकातल्या एका पाद्र्यानंच केलंय, आणि ती १९९३ मध्ये परत पेटवली तीही नन्सनी. ताराची समाधी ज्यांनी बांधली ते आयरिश भाषा बोलत होते का, ‘इम्बोल्क’ म्हणत होते का, तुम्ही तरी सांगू शकता का? सूर्य काय हो, तो सगळीकडेच शिरतो.

तिरकस:
पण हिवाळा सरला कुठं? सकाळचे सात वाजले तरी मिट्ट काळोख, हवामान खातं वसंत मार्चपासून धरतं. २०२३ पासून ब्रिगिडबाईंच्या नावानं सोमवारची सुट्टी मिळते. देवी असोत, संत असोत, आपला साष्टांग नमस्कार.

गवळण:
मेंढ्यांच्या दुधावरून आठवलं. २०२५ मध्ये ही सुट्टी ३ फेब्रुवारीला आणि ४ ला रथसप्तमी! आपणही दूध उतू घालवतोच की. मी काचेच्या शेगडीवर घालवलं, स्मोक अलार्म बोंबलला, खालच्या मजल्यावरचा वर धावत आला. करपलेलं दूध अजून निघालेलं नाही.

हिशेबी:
इथं लोक कर्ज काढून घर घेतात आणि तुम्ही दूध शेगडीवर ओतता. शुद्ध नासाडी.

गवळण:
चार चमचे दूध उतू गेलं तर तुमचं घर बुडतं का? गावाला अंगणात गोवऱ्यांवर, सूर्याकडे तोंड करून, बोळक्यात करायचो. ज्या दिशेला उतू जाईल तिकडे भरभराट. तुम्हाला कधी बोळकं तरी दिसलंय का?

हिशेबी:
माझं बालपण काढू नका. आमच्याकडे दुधात पाणी घालून तीन भावंडं वाढली. उतू घालवायला आधी भरलेलं भांडं लागतं.

सांगलीकर:
रथसप्तमीचा विषय निघालाच आहे तर बोलतो. त्या दिवसापर्यंत हळदीकुंकू असतं. दोन वर्षांपूर्वी आई इथं आली होती. एका घरी बोलावणं होतं म्हणून हौसेनं इरकल नेसून गेली. यजमानीणबाई कुंकवाची वाटी घेऊन तिच्यापर्यंत आल्या आणि पुढच्या बाईकडे वळल्या. बाबा जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. तिळाची वडी मात्र हातावर ठेवली. त्याच आठवड्यात लायब्ररीत क्रॉस विणायला शिकवत होते, तिथं तिला कोणी काही विचारलं नाही. तिचा क्रॉस सांगलीच्या घरात दारावर आहे. सण पॅगन की ख्रिस्ती, मला घेणं नाही.

गवळण:
वाईट वाटलं. पण एका बाईवरून सगळ्या हळदीकुंकवाला झोडू नका. आमच्याकडे सगळ्यांना बोलावतो.

सांगलीकर:
बोलावलं तिलाही होतं.

तिरकस:
वातावरण तापलंय, एक गोष्ट सांगतो. ब्रिगिडनं मठासाठी लेन्स्टरच्या राजाकडे आपल्या शालीएवढीच जमीन मागितली. तो हसून हो म्हणाला. शाल पसरत पसरत किल्डेअरजवळचं ‘करा’ नावाचं अख्खं मैदान व्यापून गेली. ओळखीचं वाटतंय ना?

पायवाट:
वामन! बघा, मी तेच म्हणत होतो!

तिरकस:
मग तो राजा बळी झाला. आमच्याकडे अजून ‘इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणतात. तुमचा फेर नक्की कोणाच्या बाजूनं होता?

लव्हाळी:
@सांगलीकर, आईंना माझा नमस्कार कळवा. @पायवाट, ‘मूळ रूप’ हे दोन शब्द मागे घ्या, बाकी तुमची टेकडी तुम्हाला लखलाभ.

पायवाट:
‘मूळ’च्या जागी ‘जुनं’ करतो. तुम्ही ‘ढापलं’वरून जेवढं ऐकवलंत, तेवढं पाद्रीही ऐकवत नसतील. पुढच्या ३१ जानेवारीला लव्हाळे उपटायला येऊ का? आत्ताच सांगतो, शेकोटी करणार.

लव्हाळी:
ओल्या शेतात पेटली तर करा. गमबूट आणा. कात्री नको.

हिशेबी:
दुधाचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.